विचारणारा रकाना

२००४ सालच्या उन्हाळ्यात सोलापुरातल्या एका जुन्या वाचनालयात आम्ही तिघीजणी पुस्तकांच्या नोंदी संगणकावर चढवण्याचे काम करत होतो. दाखल नोंदवहीचे एकेक पान उलटायचे, कपाटातून पुस्तक काढून त्याचे शीर्षकपान पाहायचे आणि पडद्यावरच्या रकान्यांत शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, भाषा, पृष्ठे, किंमत अशी माहिती भरायची, हा दिवसभराचा क्रम होता. नोंदीमागे पैसे ठरलेले असल्यामुळे हात थांबला की जीव कासावीस होई. दुपारी एक ते चार बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसे, आणि आत पंख्याच्या वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून आम्ही नोंदवहीवर कपाटांची जुनी कुलपे ठेवत असू.

त्या फॉर्ममध्ये भाषेचा रकाना आधीच भरलेला येत असे. नवी नोंद उघडली की तिथे ‘मराठी’ हा शब्द हजर. बहुतेक पुस्तके मराठीच असणार, मग तोच शब्द दर वेळी कशाला टंकायला लावायचा, असा विचार तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने केला असावा, आणि तो आमच्या सोयीसाठीच केला होता. पण सोलापूर हे एका भाषेचे गाव नाही. पूर्व भागातल्या विणकर घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट-विजापूरकडून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांत कन्नड, आणखी दोन गल्ल्या पलीकडे दखनी उर्दू. आणि चौकात खेळणारी मुले या सगळ्या भाषांत सारख्याच जोमाने भांडतात. वाचनालयाची कपाटेही गावासारखीच होती.

द. रा. बेंद्रे यांचे पुस्तक माझ्या हातात आले तो दिवस मला चांगला आठवतो. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, त्यांनी मराठीतही लिहिले, पण ते कन्नडचे थोर कवी. १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कन्नड कवितेसाठी मिळाला, आणि त्याआधी काही वर्षे ते आमच्याच गावातल्या दयानंद महाविद्यालयात कन्नड शिकवत होते. कन्नड कविता ते ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने लिहीत. मला कन्नड लिपी येत नव्हती, म्हणून वाचनालयात रोज पेपर वाचायला येणाऱ्या एका काकांनी मला शीर्षकपान वाचून दाखवले. मी लेखकाच्या रकान्यात ते टोपणनाव घातले, भाषेच्या रकान्याकडे पाहिले नाही आणि पुढच्या पुस्तकाला हात घातला. अशा रीतीने एका कवीची आमच्या सूचीत दोन माणसे झाली, आणि दोघेही मराठी लेखक झाले.

वर्षाच्या रकान्याची गोष्ट याहून वाईट होती. तो सक्तीचा होता. तो भरल्याशिवाय नोंद पुढे सरकतच नसे. जुन्या पुस्तकांवर अनेकदा वर्ष छापलेले नसते, कधी ते पानच फाटलेले असते. पहिल्या दिवशी आम्ही विचारले, तर कोणीतरी सांगितले की काहीही टाका, पण अडकून राहू नका. आमच्यापैकी एकीने १९०० टाकले, मग सगळ्यांनीच १९०० टाकायला सुरुवात केली. त्या सूचीवर भरवसा ठेवला तर १९०० साली मराठी प्रकाशनव्यवसायाला मोठाच बहर आला होता असे कोणालाही वाटेल.

हे उघडकीला आले ते एका म्हाताऱ्या वाचकामुळे. त्यांनी तेलुगू पुस्तकांची यादी मागितली आणि संगणकाने अकरा पुस्तकांची यादी छापून दिली. ते गृहस्थ ज्या कपाटापाशी उभे होते ते कपाट आणि त्याच्या शेजारचे कपाट, दोन्ही तेलुगू पुस्तकांनी भरलेली होती. त्यांनी कागद पाहिला, कपाटाकडे पाहिले आणि काही न बोलता कागद टेबलावर ठेवला. मला त्या दिवशी फार लाज वाटली, आणि ज्या प्रश्नाने मी आजपर्यंत या विषयाला चिकटून राहिले आहे तो प्रश्न तेव्हाच पडला: माणूस यंत्रात ज्ञान भरत असतो त्या क्षणी यंत्राने त्याला नेमकी कसली मदत करायला हवी?

त्या प्रोग्रॅमला काहीच कळत नव्हते असे नाही. पुस्तकाचा आयएसबीएन हा ओळखक्रमांक चुकला तर तो लगेच अडवत असे. त्या काळी हा क्रमांक दहा स्थानांचा होता (२००७ पासून तो तेरा स्थानांचा झाला). पहिल्या अंकाला दहाने, दुसऱ्याला नवाने, असे करत शेवटच्या अंकाला एकाने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि तिला अकराने निःशेष भाग गेला पाहिजे. शेवटच्या जागी दहा हा आकडा लागला तर तिथे ‘एक्स’ हे अक्षर लिहायचे. एक अंक चुकला किंवा दोन अंकांची अदलाबदल झाली तर भाग जात नाही आणि चूक सापडते. आधार क्रमांकाचा बारावा अंकही अशाच राखणीसाठी आहे. त्याची रीत व्हेर्होफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेली. त्याही आधी, छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या काळात, एकीने टंकलेली माहिती दुसरी तशीच पुन्हा टंकत असे आणि दोघींत फरक पडला की यंत्र थांबत असे. या सगळ्या युक्त्या मला मनापासून आवडतात. पण त्या बोट घसरल्याची चूक पकडतात. तेलुगू पुस्तकाला मराठी म्हणणे ही बोट घसरल्याची चूक नव्हती, आणि ‘मराठी’ हा शब्द तर आमच्यापैकी कोणी टंकलाही नव्हता.

बऱ्याच वर्षांनी माझी भाची अभियांत्रिकीला असताना तिच्या अभ्यासातून मला एका जुन्या प्रोग्रॅमची ओळख झाली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० च्या दशकात मायसिन नावाची एक प्रणाली तयार झाली होती. रक्तातला जंतुसंसर्ग आणि मेंदूज्वर यांत कोणता जंतू असावा आणि कोणते प्रतिजैविक द्यावे, याचा सल्ला ती देत असे. तिचे ज्ञान ‘अमुक असेल आणि तमुक असेल तर बहुधा हा जंतू’ अशा काही शे नियमांत साठवलेले होते. नियम डॉक्टरांच्या डोक्यात असत, ते यंत्रात भरायचे तर मध्ये संगणकतज्ज्ञ लागे, आणि सगळे काम तिथेच तुंबून राही. एडवर्ड फायगेनबॉम या संशोधकाने या अडचणीला ‘बाटलीचा गळा’ म्हटले, आणि ते नाव टिकले. रँडल डेव्हिस यांनी १९७६ च्या आपल्या प्रबंधात त्यावर एक मदतनीस प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला ग्रीक कथांमधल्या आंधळ्या द्रष्ट्याचे, टायरेसियसचे, नाव दिले.

टायरेसियसची कामाची पद्धत वाचताना मला आमचा भाषेचा रकाना डोळ्यांसमोर दिसत होता. मायसिनने एखाद्या रुग्णाबाबत चुकीचा निष्कर्ष काढला की डॉक्टर विचारू शकत, हे कशावरून ठरवलेस? यंत्र आपली वाट मागे मागे दाखवत जाई आणि कोणता नियम कमी पडला हे सापडेपर्यंत दोघे मिळून शोधत. मग डॉक्टर नवा नियम लिहून देत. इथे टायरेसियसची खरी करामत होती. आधीच्या नियमांवरून त्याने स्वतःशी एक अंदाज बांधलेला असे की या जातीचे नियम सहसा कोणकोणत्या गोष्टींचा उल्लेख करतात. नव्या नियमात त्यातली एखादी गोष्ट नसली तर तो नम्रपणे म्हणे की, अशा बहुतेक नियमांत जंतू शरीरात कुठून शिरला हेही सांगितलेले असते, आपल्या नियमात ते दिसत नाही. घालायचे आहे का? डॉक्टर हो म्हणत किंवा नाही म्हणत, आणि ‘नाही’ हे उत्तर तो मुकाट्याने स्वीकारी.

आमच्या फॉर्मने एवढेच केले असते तरी पुरे होते. या पुस्तकाच्या धारवाडच्या प्रकाशकाची आणखी सात पुस्तके सूचीत कन्नड म्हणून नोंदलेली आहेत, हे मराठी राहू द्यायचे का? एका दिवसात चाळीस पुस्तकांचे वर्ष १९०० आले आहे, ते खरोखर छापलेले आहे की पुस्तकावर वर्षच नाही? हे विचारायला फार मोठी बुद्धी लागत नाही. आधी भरलेल्या नोंदींकडे पाहण्याची सवय आणि योग्य वेळी तोंड उघडण्याची रीत लागते. विकिडेटा या २०१२ मध्ये सुरू झालेल्या खुल्या ज्ञानसाठ्यात आता असे पुष्कळ काही आहे. एखाद्या व्यक्तीची जन्मतारीख भरली की तशा इतर नोंदी पाहून तो पुढच्या रकान्यांची नावे सुचवतो. मृत्यूची तारीख जन्माच्या आधीची पडली तर शेजारी इशाऱ्याचे चिन्ह लावतो, पण नोंद अडवत नाही. मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही, की तिथे ‘मूल्य आहे पण ठाऊक नाही’ आणि ‘मूल्यच नाही’ ही दोन वेगळी उत्तरे नोंदवता येतात. २००४ मध्ये आम्हाला ‘ठाऊक नाही’ म्हणण्याची जागा मिळाली असती तर आम्ही तिघींनी खोटे लिहिले नसते. सक्तीच्या रकान्याने आम्हाला खोटे लिहायला शिकवले, असे मी आजही म्हणते.

हे सगळे पुन्हा वर आले ते गेल्या वर्षी, आमच्या शेजारच्या मामांमुळे. मामा तेलुगूभाषक, वयाच्या पंधराव्या वर्षापासून मागावर, आणि पुढे जॅकार्डच्या, म्हणजे छिद्रांच्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागाच्या, कार्डांचे जाणकार म्हणून पूर्व भागात त्यांचा शब्द चालतो. सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात चादरीचे वर्णन आहे, मापे आहेत. पण चादर बिघडली तर कुठे पाहायचे हे मामांच्या डोक्यात आहे. त्यांच्या नातवाने काही मागांवर इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड बसवले आहे, पण जुने माग अजून चालतात आणि नव्या कामगारांना ते उमगत नाहीत. म्हणून नातू माझ्या भाचीला म्हणाला की आजोबांना ठाऊक आहे ते एकदा संगणकात भरून दे.

पहिले दोन रविवार आम्ही वही घेऊन बसलो आणि विचारत राहिलो, मामा, दोष कसा ओळखायचा? मामा चांगले बोलत, पण त्यातून नियम निघत नसे. ‘बघितलं की कळतं,’ हे त्यांचे उत्तर. तिसऱ्या रविवारी ते मला म्हणाले, ‘अम्मा, असं विचारून येत नाही हे. बिघडलेली चादर आण, मग सांगतो.’

भाचीने ते ऐकले आणि तिची पद्धतच बदलली. ऑस्ट्रेलियात पॉल कॉम्प्टन आणि त्यांचे सहकारी थायरॉइडच्या तपासण्यांचे अर्थ लावणाऱ्या एका प्रणालीवर काम करताना याच अनुभवाला आले होते. जाणकाराला ‘तू कसे ठरवतोस’ असे मोघम विचारले की तो त्या क्षणी सुचेल ते समर्थन देतो. समोर प्रत्यक्ष प्रकरण असले की मात्र तो अचूक बोट ठेवतो. म्हणून त्यांनी अशी रीत बसवली की यंत्राचे उत्तर चुकले की जुना नियम खोडायचा नाही. तो नियम ज्या प्रकरणावरून तयार झाला होता ते जुने प्रकरण आणि आताचे नवे प्रकरण शेजारी शेजारी मांडायचे आणि जाणकाराला एवढेच विचारायचे की दोन्हींत फरक कोणता? तो जो फरक सांगेल तो जुन्या नियमाखाली अपवाद म्हणून जोडायचा.

मामांच्या ओसरीवर आम्ही बिघडलेल्या चादरी पसरल्या. पहिलीवर फुलाच्या देठाशी एक ठिपका होता, आणि नक्षी जितक्या वेळा येत होती तितक्या वेळा तो त्याच जागी होता. मामांनी क्षणभरही न थांबता सांगितले की कार्ड चुकले आहे. जॅकार्डमध्ये बाण्याच्या, म्हणजे आडव्या, एकेका धाग्यासाठी पुठ्ठ्याचे एक कार्ड असते. कार्डात छिद्र असले की सुई आरपार जाते आणि तिचा आकडा (हूक) ताण्याचा उभा धागा वर उचलतो, छिद्र नसले की तो धागा खाली राहतो. एका कार्डात एक छिद्र चुकले तर कार्डांची माळ फिरून पुन्हा त्या कार्डावर आली की तीच चूक पुन्हा होणार. दुसऱ्या चादरीवर उभी रेघ होती, वरपासून खालपर्यंत सलग. ‘हे कार्डाचं नाही. एकाच धाग्यावर सगळीकडे चूक आहे, म्हणजे आकडा अडकलाय नाहीतर दोरी तुटलीय.’ दोन वाक्यांत त्यांनी जे सांगितले ते दोन रविवारांच्या वहीत कुठेही नव्हते.

मध्यंतरी मी एक प्रयोग केला, तोही सांगायला हवा. आजकाल जे संभाषण करणारे संगणकीय मदतनीस आले आहेत, त्यांतल्या एकाला मी हे दोन दोष वर्णन करून दिले आणि उरलेले नियम तूच लिही म्हटले. त्याने सुरेख मराठीत वीस नियम लिहून दिले. मी ते मामांना वाचून दाखवले. काही नियमांना त्यांनी मान डोलावली, काहींना म्हणाले की दुसऱ्या प्रकारच्या मागावर असेल तसे, आणि चार नियमांना म्हणाले, ‘हे कुणी सांगितलं?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ते कोणीच सांगितलेले नव्हते. वीसही नियम सारख्याच अक्षरात, सारख्याच खात्रीने लिहिलेले होते, आणि मामा समोर बसलेले नसते तर ते सगळे नातवाच्या संगणकात गेले असते आणि पुढच्या पिढीचे ज्ञान झाले असते. तो आधीच भरून आलेला ‘मराठी’ शब्द मला तिथे पुन्हा दिसला, फक्त आता तो एका रकान्याएवढा राहिलेला नव्हता.

याचा अर्थ अशा मदतनिसाला दाराबाहेर ठेवावे असे मला वाटत नाही. मामांचे बोलणे ऐकून त्याची नेटकी वाक्ये करणे, दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध जात असतील तर ते दाखवणे, ही कामे तो फार चांगली करतो आणि भाची ती त्याच्याकडून करून घेते. पण त्याने सुचवलेली ओळ फिक्या रंगात दिसते आणि मामांनी हो म्हटल्याशिवाय ती गडद होत नाही; गडद झाली की तिच्याखाली कोणी, कधी आणि कोणती चादर पाहून सांगितले हे लिहिले जाते. फॉर्मचे शब्दही बदलले. स्टॅनफर्डच्याच मार्क म्यूसेन यांनी १९८० च्या दशकात प्रोटेजे नावाचे साधन रचले, त्यामागचा एक विचार असा होता की ज्ञान भरणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या धंद्याच्या शब्दांतला फॉर्म मिळावा. आमच्या फॉर्ममध्ये आता ‘दोषाचा प्रकार’ असा रकाना नाही. ‘ठिपका की रेघ?’ असा प्रश्न आहे. मामांना तेलुगू वाचायला सोपे जाते म्हणून भाचीने प्रश्न तेलुगू लिपीतही घातले. ते तेलुगूत वाचतात, मराठीत उत्तर देतात, आणि मी टंकते.

सप्टेंबरमध्ये एका ओल्या सकाळी नातवाने नवी चादर आणली. ठिपका होता, पण कुठे होता, कुठे नव्हता. यंत्राने नियमाप्रमाणे सांगितले की कार्ड चुकले आहे, नवे पाडा. मामा नाही म्हणाले. पडद्यावर पहिली चादर आणि ही चादर शेजारी आली आणि खाली प्रश्न आला की फरक कोणता. ‘तो ठिपका प्रत्येक नक्षीत होता. हा येतो, जातो. आणि पाऊस आहे. पुठ्ठ्यानं ओल धरलीय, छिद्र सुईसमोर नीट येत नाही. नवं कार्ड पाडू नका, कार्डं सुकवा.’ मी ते लिहिले, अपवाद जोडला गेला.

मग यंत्राने आणखी एक प्रश्न विचारला, जो भाचीने टायरेसियसचे वाचल्यावर त्यात घातला होता. कार्डांविषयीच्या आधीच्या चारही नियमांत कार्ड जुने की नवे हे सांगितलेले आहे, या नियमात ते नाही. मुद्दाम ठेवले नाही का? मामांनी प्रश्न दोनदा वाचला. मग ते उठून आत गेले आणि दोन कार्डे घेऊन आले, एक वापरून वापरून कडा गुळगुळीत झालेले, एक कोरे. दोन्ही त्यांनी बोटांत धरून हलकेच वाकवून पाहिली, पुन्हा पाहिली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

‘हाताला वाटतंय की जुनं जास्त ओल धरतं,’ ते शेवटी म्हणाले, ‘पण मी कधी मोजून बघितलेलं नाही. असं कुणी विचारलंच नव्हतं.’

नातवाने विचारले की मग काय लिहायचे. मामा म्हणाले, ‘माहीत नाही असं लिही.’ मी तसे लिहिले, खाली त्यांचे नाव आणि तारीख घातली, आणि रकान्याने ते घेतले. त्यानंतर मामांनी ती दोन्ही कार्डे शेडच्या दाराशी, जिथे पावसाची झड येते तिथे, एका खिळ्याला शेजारी शेजारी टांगायला लावली आणि दोन्हींच्या कोपऱ्यावर खडूने त्या दिवसाची तारीख लिहिली.